धारचा किल्ला आणि ‘ध’चा ‘मा’

बरेच दिवस काही लिहिणे झाले नव्हते. मार्चअखेरीची बिले, मग ऑडिट, मग घरातली दुखणीबाणी. शेवटी यंदा एलटीसी मंजूर झाली आणि आम्ही उभयता माळव्यात जाऊन आलो. लोक एलटीसीवर सिमल्याला जातात, केरळला जातात. आम्ही देवासला गेलो. कारण अर्थातच कुमारजी. बेळगावजवळच्या सुळेभावीचा हा मुलगा १९४८ साली क्षयाने खंगून देवासला हवापालटासाठी गेला आणि १९९२ साली तिथेच त्याने डोळे मिटले. माताटेकडीच्या पायथ्याचे ते ‘भानुकुल’ एकदा डोळ्यांनी पाहायचे, हे कॉलेजपासून मनात होते. पाहिले. त्याबद्दल पुन्हा कधीतरी, सवडीने.

आज लिहायचे आहे ते वेगळेच. एका खुनाबद्दल.

देवासहून इंदूर आणि इंदूरहून धार, असा साधारण शंभर किलोमीटरचा प्रवास. धारचा किल्ला लाल दगडाचा आणि आत खरबुजा महाल म्हणून एक जुनी वास्तू. फार काही पाहण्यासारखे उरलेले नाही. आम्हांला फिरवणारा माणूस एका दालनाकडे बोट दाखवून म्हणाला, “यहीं पर बाजीराव पेशवा पैदा हुए थे.”

सौ. एकदम उत्सुक. “कोण, मस्तानीवाला?”

“नव्हे गो, दुसरा. आनंदीबाईचा मुलगा.”

“कोण आनंदीबाई? ती ‘ध’चा ‘मा’वाली?”

मंडळी, माझी बायको इतिहासाची विद्यार्थिनी नाही. मुंजीचे आमंत्रण कोणत्या साली कोणाला दिले नव्हते एवढाच तिचा इतिहास. पण अडीचशे वर्षांपूर्वीच्या त्या बाईविषयी तिला नेमकी एकच गोष्ट ठाऊक होती, आणि ती क्षणात आठवली. तुम्हालाही तेवढीच ठाऊक असेल. मलाही त्या दिवसापर्यंत फार काही वेगळे वाटत नव्हते.

आमच्या गावच्या जत्रेत लहानपणी ‘भाऊबंदकी’ व्हायचे. खाडिलकरांचे १९०९ सालचे नाटक, पण आमच्याकडे ते दर तीन-चार वर्षांनी नवे व्हायचे. रात्री अकरा-साडेअकराला पडदा वर जाणार, पहाटे रामशास्त्री कडाडणार. आनंदीबाईचे काम करणारा गडी एरव्ही पाडेली, नारळ काढून पोट भरणारा. नाटक झाले की पुढचे आठ दिवस आम्ही पोरे त्याला माडावर चढलेला पाहून खालून ओरडायचो, “आनंदीबाय, धर धर!” तो वरून शिव्या घालायचा. राघोबाचे काम करणाऱ्याला मात्र कोणी कधी काही ओरडल्याचे आठवत नाही. तो मुळी देवळाच्या समितीवरचा माणूस. हातात ओढलेली तलवार, डोळ्यांत पाणी, बिचारा कसा पेचात सापडला! बायका पदराने डोळे पुसायच्या.

आता या ‘बिचाऱ्या’ माणसाचे आयुष्य पाहा. राघोबादादा, रघुनाथराव, थोरल्या बाजीरावाचा मुलगा, जन्म १७३४. पराक्रमी होता यात शंका नाही. १७५८ साली मराठी फौजा पंजाबात, थेट अटकेपर्यंत गेल्या त्या याच्या सेनापतित्वाखाली. पण प्रत्येक स्वारीहून परतताना डोक्यावर कर्ज, आणि मनात एकच सल की पेशवेपद आपल्याला का नाही. पानिपतानंतर थोरला भाऊ नानासाहेब गेला आणि सोळा वर्षांचा पुतण्या माधवराव गादीवर बसला, तेव्हापासून काकाची कटकारस्थाने सुरू झाली. अखेर १७६८ च्या जूनमध्ये धोडपला पुतण्याने काकाचा पराभव केला आणि त्याला शनिवारवाड्यात नजरकैदेत ठेवले. माधवराव १७७२ च्या नोव्हेंबरात थेऊरला क्षयाने वारला. धाकटा नारायणराव पेशवा झाला. वय सतरा. हट्टी, उतावळा, तोंडाने फटकळ असे त्याचे वर्णन करतात. असेल. सतरा वर्षांचा मुलगा दुसरा कसा असणार?

३० ऑगस्ट १७७३. भाद्रपद शुद्ध त्रयोदशी. आपल्याकडे चवथ असते ना, तेच दिवस. दुसऱ्या दिवशी अनंत चतुर्दशी. वाड्यात गणपती बसलेला. दुपारी गारदी आत घुसले. सुमेरसिंग, खरगसिंग, महंमद इसाफ ही त्यांच्या म्होरक्यांची नावे, आणि आतून तुळाजी पवार हा दादाचाच नोकर. (धारच्या पवारांशी याचा संबंध लावू नका, आडनाव तेवढे एक.) नारायणराव धावत काकाच्या खोलीत गेला आणि त्याच्या कमरेला मिठी मारली. पुढचे वाक्य महाराष्ट्रात आणि गोव्यात शेंबड्या पोरालाही पाठ आहे, मी लिहीत नाही. चाफाजी टिळेकर नावाचा सेवक धन्याच्या अंगावर आडवा पडला, त्यालाही कापले. त्या दुपारी वाड्यात अकरा माणसे मेल्याचे इतिहासकार सांगतात. कारकून, ब्राह्मण, नोकर, दोन दासी. शिवाय एक गाय. पेशव्याचे नाव सगळ्यांना माहीत, टिळेकराचे काहींना. त्या दोन दासींची नावे मला कुठे वाचायला मिळाली नाहीत.

नंतर रामशास्त्री प्रभुणे. साताऱ्याजवळच्या माहुलीचा हा माणूस सरकारचा मुख्य न्यायाधीश. ज्याच्यावर संशय तोच आता राज्याचा धनी, आणि त्याच्याच पगारावरचा हा नोकर. तरी त्याने सुमारे दीड महिना चौकशी केली, पन्नासच्या आसपास माणसे गुंतलेली काढली, त्यात गारद्यांपेक्षा ब्राह्मण जास्त निघाले, आणि सगळ्यांच्या वर नाव ठेवले ते राघोबाचे. दादाने विचारले, प्रायश्चित्त काय? शास्त्र्यांनी सांगितले, देहान्त. आणि पुणे सोडून गेले. नंतर बारभाईंनी मानाने परत बोलावले तेव्हा आले. सरकारी नोकरीत वीस वर्षे काढलेल्या माणसाला या प्रसंगाचे वजन जरा जास्त कळते. आम्ही ‘सादर’ लिहून फाईल वर ढकलतो. वरच्याचे नाव फाईलवर आणायची हिंमत मी तरी अजून पाहिलेली नाही.

म्हणजे बघा: खून झाला, चौकशी झाली, निकाल लागला. दोषी कोण ते सर्वोच्च न्यायाधीशाने सांगितले. मग आपण सगळे आनंदीबाईला का शिव्या देतो?

तर ‘ध’चा ‘मा’. गोष्ट अशी की दादाने गारद्यांना लेखी हुकूम दिला तो ‘नारायणरावास धरावे’ असा. मधल्या मधे आनंदीबाईने ‘ध’ खोडून ‘मा’ केला, झाले ‘मारावे’. ग्रँट डफने १८२६ साली छापलेल्या मराठ्यांच्या इतिहासात ही हकीकत आहे. खाडाखोड केलेला कागद रामशास्त्र्यांनी पाहिला असे तो सांगतो, आणि खाडाखोड आनंदीबाईचीच, असा सर्वत्र समज आहे असेही. सर्वत्र समज आहे! खुनानंतर त्रेपन्न वर्षांनी. ज्या कागदावर एवढे रामायण, तो मूळ कागद काही अभ्यासकांच्या हाती लागलेला नाही.

मी इतिहासकार नाही. पण कागद हा माझ्या पोटापाण्याचा धंदा आहे, तेव्हा एका कारकुनाचे शेरे म्हणून वाचा.

पहिला शेरा. मूळ हुकूम ‘धरावे’ असाच होता असे मानू. राज्याच्या प्रमुखाला हत्यारबंद शिपायांकरवी भर दुपारी त्याच्याच घरात धरायचे, याला काय म्हणतात? तो हुकूमच मुळात राजद्रोहाचा. खाली सही कोणाची? दादाची. मग एक अक्षर बदलल्याने सही करणारा सुटतो कसा?

दुसरा. कागदावरची खाडाखोड दिसते, पण ती कोणाच्या हातची ते दिसत नाही. म्हणून तर आम्हांला प्रत्येक दुरुस्तीखाली आद्याक्षरी करायला लावतात. तो कागद किती हातांतून गेला असेल? लिहिणारा, नेणारा, तुळाजी, सुमेरसिंग. त्यांतल्या कोणालाही मारण्यातच फायदा होता, कारण धरलेला पेशवा उद्या सुटला तर यांची मुंडकी गेली असती. ग्रँट डफच लिहितो की दादाने आयत्या वेळी सुमेरसिंगाला विनवले, पण त्याने ऐकले नाही. इतक्या पुढे आल्यावर मी स्वतःचा नाश करून घेऊ काय, असे त्याचे उत्तर. हे खरे असेल तर नारायणरावाला मारायला ‘मा’ची गरजच नव्हती.

तिसरा शेरा सगळ्यांत साधा. घात माझ्या हुकुमाबाहेर झाला, असे ज्याला खरोखर वाटते तो दुसऱ्या दिवशी काय करील? मारेकऱ्यांना पकडील. दादाने पेशवाईची वस्त्रे मागवली.

मग आनंदीबाईविरुद्ध राहिले काय? ती महत्त्वाकांक्षी होती, नवऱ्याच्या राजकारणात लक्ष घालायची, आणि लिहिती-वाचती होती. त्या काळात लिहिता येणारी बायको घरात असणे, हाच तिच्याविरुद्धचा मोठा पुरावा ठरला असे मला वाटते. ती निर्दोष होती असे मी छातीठोक म्हणत नाही. नवऱ्याचा कट तिला ठाऊक नसेल हे कठीणच. पण ठाऊक असणे वेगळे आणि अक्षर बदलणे वेगळे. कोणत्याही चौकशीत हा फरक करावा लागतो.

या विषयावर वाचताना मला एक रशियन बाई भेटली आणि मी थक्क झालो. दार्या साल्टिकोवा. जन्म १७३०, म्हणजे दादाहून चार वर्षांनी मोठी. मॉस्कोची खानदानी जमीनदारीण, पंचविशीत विधवा, पदरी सहाशेच्या आसपास भूदास. लादी नीट पुसली नाही, कपडे नीट धुतले नाहीत, एवढ्या कारणावरून ती माणसांना मरेपर्यंत मारायची. बहुतेक सगळ्या बायका आणि मुली. तक्रारी व्हायच्या, पण लाच खाऊन दाबल्या जायच्या आणि तक्रार करणाऱ्यालाच फटके बसायचे. अखेर १७६२ साली दोन भूदास पळून गेले आणि नुकत्याच गादीवर आलेल्या राणी कॅथरिनपर्यंत त्यांनी अर्ज पोचवला. त्यांतल्या एकाच्या लागोपाठ तीन बायका या बाईच्या घरात मेल्या होत्या.

चौकशी सहा वर्षे चालली. साक्षी घेतल्या, हिशेबाच्या वह्या तपासल्या, त्यांत कोणत्या अधिकाऱ्याला काय दिले तेही सापडले. आरोप शंभराहून जास्त मृत्यूंचे; सिद्ध धरले ते अडतीस. बाईने शेवटपर्यंत कबुली दिली नाही. १७६८ साली शिक्षा झाली, धोडपला राघोबा पकडला गेला त्याच वर्षी! खानदानी किताब काढून घेतला, मॉस्कोच्या लाल चौकात तासभर चबुतऱ्यावर उभे केले, गळ्यात पाटी: छळ करणारी आणि जीव घेणारी. मग एका मठाच्या तळघरात अंधारकोठडी. अकरा वर्षे उजेड नाही. १७७९ नंतर खिडकी असलेली खोली मिळाली, तिथे लोक तिला डोकावून पाहायचे. अशी आणखी बावीस वर्षे काढून १८०१ साली ती मेली.

आता कोणी म्हणेल, बघा रशियात कसा न्याय होता! तसे काही नाही. भूदासांची गुलामी तिथे १८६१ पर्यंत चालू राहिली, आणि साल्टिकोवासारखे आणखी कितीतरी निवांत मेले असतील. पण या एका प्रकरणात अडतीस म्हणजे अडतीस. जेवढ्यांचा पुरावा तेवढीच नावे निकालात. बाईविषयी लोक काय बोलतात त्यावर भागवले नाही. ती खरोखर राक्षसीण होती, तरीही.

आपल्याकडे उलटे. न्यायाधीश रशियातल्याहून धीट, सत्ताधीशाला तोंडावर देहान्त सांगणारा. पण शिक्षा अमलात कोण आणणार? महंमद इसाफ सापडला तेव्हा मारला गेला. खरगसिंग आणि तुळाजी हैदरअलीकडे पळाले होते, त्यांनाही पुढे पुण्याच्या हवाली करून ठार केले. आणि दादा? १७७४ च्या एप्रिलमध्ये नारायणरावाच्या विधवेला, गंगाबाईला, पुरंदरावर मुलगा झाला आणि दादाची पेशवाई संपली. तो पळत सुटला तो सुरतेला इंग्रजांच्या दारात. १७७५ चा तह, साष्टी आणि वसई देऊ केली, पहिले इंग्रज-मराठा युद्ध याच्यापायी. (त्याच गडबडीत पोर्तुगीज इंग्रजांच्या बाजूला जाऊ नयेत म्हणून पुण्याने १७७९ साली त्यांच्याशी तह केला आणि त्यातून नगर हवेली त्यांच्या घशात गेली. ती सुटायला १९५४ उजाडले. आमच्या आधी सात वर्षे!) शेवटी १७८२ च्या सालबाईच्या तहात या खुनी माणसाला काय शिक्षा मिळाली? दरमहा पंचवीस हजार रुपये. पेन्शन! १७८३ च्या डिसेंबरात तो कोपरगावला आपल्या अंथरुणावर मेला.

शिक्षा भोगली ती आनंदीबाईने. पळताना दादा गरोदर बायकोला धारच्या पवारांकडे ठेवून गेला होता. खंडेराव पवाराने आसरा दिला. १० जानेवारी १७७५ ला त्या किल्ल्यात मूल जन्मले. पुण्याच्या फौजेने किल्ल्याला वेढा घातला आणि शेवटी बाळंतीण आणि मूल त्यांच्या हवाली करावे लागले. पुढे नवरा मेला तेव्हा ती पुन्हा गरोदर होती. उरलेली वर्षे पहाऱ्यात काढून १७९४ साली गेली. तिच्या त्या मुलाने १८०२ मध्ये वसईला सही केली आणि १८१८ मध्ये राज्य घालवले, हेही तिच्याच खात्यावर मांडणारे लोक मला भेटले आहेत.

देवासला याच्या आदल्या दिवशी मी भाऊबंदकीचा दुसरा नमुना पाहिला होता. पवार घराण्यातल्या तुकोजी आणि जिवाजी या दोन भावांच्या दोन पाती, थोरली आणि धाकटी. एकाच गावात दोन राजे, दोन राजवाडे, दोन कारभार. टेकडीवरच्या देवीसुद्धा दोन, तुळजाभवानी आणि चामुंडा, लोक त्यांना बहिणी मानतात. आपल्या लईराई-केळबाईची आठवण झाली. थोरल्या पातीच्या तुकोजीरावाकडे १९२१ साली ई. एम. फॉर्स्टर हा इंग्रज कादंबरीकार खाजगी चिटणीस होता. त्याच राजावर १९२७ च्या अखेरीस पोटच्या मुलानेच आरोप केला की बाप मला विष घालणार आहे, आणि मुलगा घर सोडून पळाला. सिद्ध काही झाले नाही. राज्य कर्जात बुडाले, राजा पाँडिचेरीला गेला आणि १९३७ साली तिथेच वारला. मुलगा पुढे कोल्हापूरच्या गादीवर दत्तक गेला. फॉर्स्टरने आपल्या पुस्तकात राजाची बाजू मायेने मांडली, म्हणून आज त्याला कोणी विषप्रयोग करणारा म्हणून ओळखत नाही. आनंदीबाईला फॉर्स्टर भेटला नाही, खाडिलकर भेटले.

असो. धारहून इंदूरला परतताना बसमध्ये मी सौ.ला हे सगळे सांगत होतो. तिने निम्म्या वेळी डुलकी काढली असे मला वाटले. इंदूरचे दिवे दिसायला लागले तेव्हा ती म्हणाली, “अहो, तुमच्या ऑफिसात त्या एक बाई होत्या ना, सात नंबर?”

होत्या. पंधरा वर्षे झाली. एका बिलावर एकाचा सात झाला होता. टाइप तिने केले होते, तपासून सही साहेबांची होती, मधे चार टेबले होती, त्यांतले एक माझे. मेमो तिला मिळाला. चौकशी पूर्ण झालीच नाही, पण बदली झाली. घरापासून दोन बस बदलून जायचे अशा ठिकाणी. साहेब यथावकाश बढतीवर गेले. आम्ही तिला ‘सात नंबर’ म्हणायला लागलो, आणि ते नाव तिच्या पुढच्या ऑफिसात तिच्या आधी पोचले. गेल्या वर्षी ती निवृत्त झाली. निरोप समारंभाला मी गेलो होतो. भाषणात कोणीतरी तोच विनोद केला. सगळे हसले.

“आणि तुम्ही?” सौ. ने विचारले.

मी खिडकीतून बाहेर बघत बसलो.

“त्यांचं नाव काय हो?”

मला आडनाव आठवले. नाव आठवायला पलासिया ओलांडून स्टँड यावा लागला.